दुसरी-तिसरीच्या बॅचला ऑटम शिकवताना काय काय झालं

नाशिकमधल्या म्हसरूळला माझा घरगुती इंग्लिशचा क्लास आहे. सोमवार-बुधवार-शुक्रवार, साडेपाच ते साडेसहा. ही गोष्ट दुसरी-तिसरीच्या बॅचची, अकरा मुलं, त्यातली तीन इंग्लिश मीडियमची आणि बाकीची सेमी नाहीतर मराठी मीडियमची. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, परतीचा पाऊस धो धो चाललेला, दाराबाहेर अकरा रेनकोट ठिबकतायत आणि आत मी वाटतेय काय, तर नेटवरून काढलेलं वर्कशीट ज्यात गळ्यात स्कार्फ नि अंगात स्वेटर घातलेला एक मुलगा, आजूबाजूला पडलेली नऊ पानं, एक भोपळा, एक खार आणि वर मोठ्या अक्षरात 'ऑटम इज हिअर'. आता लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा खरं सांगते, डोक्यात काहीच आलं नव्हतं. दोन मुलांच्या शाळेत सीझन्सचा धडा चालू होता, त्यांच्या मम्मींनी सांगितलं मॅडम एकदा घ्या, म्हणून मी घेतलं.

दहा मुलांनी वरचा नमुना बघून पानं लाल-केशरी केली. अकरावा मखमलाबादचा. घरची द्राक्षबाग आहे, तोंडाने कमी बोलतो पण सगळं टिपतो. क्लासमधली पोरं त्याला मखमलाबादकर म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. त्याने नऊच्या नऊ पानं गडद हिरवी केली आणि स्वेटरवाल्या मुलाच्या हातात पेन्सिलने एक छत्री काढून दिली.

मी म्हटलं, अरे नमुना बघ ना, ऑटममध्ये पानं अशी नसतात.

तर म्हणाला, "टीचर, मी खिडकीतनं बघूनच केलंय. हिरवीच आहेत."

आणि मी काय केलं? त्याच्या कागदावर लाल पेनने 'कलर प्रॉपर्ली' लिहिलं. ही माझी चूक, आणि पुढचे पाच महिने जे काही केलं ते ती निस्तरण्यासाठीच केलं असं म्हटलं तरी चालेल.

तीन, चार की सहा

त्याच दिवशी मी फळ्यावर चार खाने केले. स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. लगेच एक मुलगी, "टीचर, पावसाळा कुठंय?" बरोबरच आहे तिचं. बाहेर जे कोसळतंय त्याला फळ्यावर जागाच नाही. परिसर अभ्यासात या मुलांनी उन्हाळा-पावसाळा-हिवाळा असे तीन ऋतू पाठ केलेत, इंग्लिशच्या पुस्तकात चार, आणि एकाचे आबा घरी सांगतात की ऋतू सहा. वय वर्षं सात-आठ, आणि डोक्यात तीन वेगवेगळे हिशोब.

बरं, सीझन हा शब्द यांना माहीत नाही असंही नाही. मी विचारलं, सांगा बरं कुठले कुठले सीझन तुम्हाला माहितीयेत, तर उत्तरं आली आंब्याचा, द्राक्षाचा, लग्नाचा. आपण मराठीत सीझन कशाला म्हणतो तर धंदा जोरात असतो त्या दिवसांना. हे उत्तर चूक म्हणवेना मला, कारण सीझन म्हणजे वर्षातून एकदा परत येणारी गोष्ट हे त्यांना आधीच कळलेलं होतं, इंग्लिश पुस्तकाने फक्त त्यातून आंबा आणि लग्न काढून टाकलं होतं.

मग मी दुसरी चूक केली. ऑटम म्हणजे शरद ऋतू असं फळ्यावर लिहिलं. एक जण म्हणाला शरद म्हणजे आमचे काका. हशा. पण खरा घोटाळा काकांचा नव्हताच. शब्दकोशात बघाल तर ऑटम = शरद हेच मिळतं, आणि महिन्यांच्या हिशोबाने ते जुळतंही, शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, इंग्लिश ऑटम म्हणजे साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. पण शरद म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं? धुवून निघालेलं आभाळ, कोजागिरीचं चांदणं, आपट्याची पानं, झेंडू. गळणारी पानं कुणाला आठवतात? पानगळ आपल्याकडे शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. म्हणजे शब्द कॅलेंडरला बरोबर आणि झाडाला चूक. मुलांनी एकदा शरद म्हणजे पानं गळायचा ऋतू असं पाठ केलं की त्यांचं इंग्लिशही कच्चं राहणार आणि मराठीही. शरद पुसलं, नुसतं ऑटम ठेवलं.

फॉल

त्या आठवड्यात मी अभिनय करून शब्द शिकवायचं ठरवलं, म्हणजे मी शब्द बोलायचा आणि पोरांनी अंगाने करून दाखवायचा. याला टोटल फिजिकल रिस्पॉन्स म्हणतात, जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलेली पद्धत, लहान मुलांना आणि अगदी नवशिक्यांना झकास लागू पडते. फ्लोट म्हटलं की हात पसरून तरंगायचं, ट्वर्ल म्हटलं की गिरकी, फॉल म्हटलं की पडायचं. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या, आता हे आधीच कळायला हवं होतं मला, अकरा मुलं एकदम पडली की काय होतं.

पण फॉल हा शब्द जेवढा सोपा वाटतो तेवढा नाहीये. मी विचारलं फॉल म्हणजे काय, तर एक मुलगी ताबडतोब, "साडीला लावतात तो!" तिच्या मम्मीचं फॉल-पिकोचं काम आहे. मग मी सोमेश्वरचा धबधबा काढला, वॉटरफॉल सगळ्यांना माहीत होता, पाणी वरून खाली पडतं तो वॉटरफॉल, तसं पान वरून खाली पडलं की लीफ फॉल्स. साडीचा फॉलही खालीच असतो असं त्याच मुलीने जोडून दिलं, असू दे म्हटलं, लक्षात राहिलं ना.

पुढची गंमत भूतकाळाची. द लीफ फेल. अख्ख्या वर्गाने एका सुरात सांगितलं, पान नापास झालं. आपल्याकडे फेल म्हणजे नापासच, दुसरं काही असूच शकत नाही. आणि लीव्हज म्हटलं तर एकाचं म्हणणं, माझे पप्पा लीव्हवर आहेत. या तिन्ही शब्दांना मी सरळ चित्रं काढून भिंतीवर लावली आणि फेल-फेलचा फरक तिसरीच्या मुलांपुरता ठेवला, दुसरीच्यांना आत्ता नको. ऑटमचं स्पेलिंगही तसंच, शेवटचा एन बोलायचा नाही पण लिहायचा, हे मी सांगते आणि ते ऐकतात आणि वहीत एम वरच थांबतात. आजही चार जण थांबतात.

ब्रिटिश ऑटम म्हणतात आणि अमेरिकन फॉल, एवढं सगळ्याच पुस्तकांत असतं. मला त्यातला पुढचा भाग उपयोगी पडला. फॉल हा शब्द मुळात इंग्लंडमधलाच, 16 व्या शतकात तिकडे लोक 'फॉल ऑफ द लीफ' म्हणायचे, तो अमेरिकेत गेला आणि तिकडेच राहिला, इंग्लंडमध्ये मागे पडला. आणि त्याच्याही आधी या ऋतूला तिकडे हार्वेस्ट म्हणायचे. हार्वेस्ट! म्हणजे सुगी. हे वाचलं आणि मला वाटलं अरे, मग आपण पानांपासून सुरुवात करतोय कशाला, त्यांच्याकडेसुद्धा हा ऋतू आधी सुगीचा होता आणि पानांचा नंतर झाला, आणि सुगी तर इथे नाशिकमध्ये दारात उभी आहे.

ऑक्टोबर: आधी सुगी

ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे पानांचं नावच काढलं नाही. पाऊस थांबला होता, ऑक्टोबर हीट सुरू झालेली, दुपारी 32-33 डिग्री, पंखा फुल्ल. मुलांना सांगितलं घरून, शेतावरून, बाजारातून आत्ता जे काढतायत ते आणा नाहीतर त्याचा फोटो आणा. मक्याची कणसं आली, सोयाबीनच्या शेंगा आल्या, झेंडू तर पिशवीभर. इगतपुरीकडे मामा असलेल्या मुलीने भाताच्या सोंगणीचा व्हिडिओ आणला. एकाचे पप्पा पिंपळगाव बसवंतला टोमॅटो घेऊन जातात त्याने क्रेटचा फोटो दाखवला, त्यावरून हाऊ मेनी क्रेट्स असा अर्धा तास निघाला, मी ठरवलंही नव्हतं.

इथे मुलांची वाक्यं आपोआप लांब झाली. वी कट मेझ. वी पिक टोमॅटोज. माय मामा कट्स राईस. कट आणि पिक यातला फरक मी सांगायची गरजच पडली नाही, त्यांनी दोन्ही कामं डोळ्यांनी बघितलेली. फक्त कट्सचा एस, तो गळतोच, आणि तो दहावीपर्यंत गळतो हे माझ्या मोठ्या बॅचवरून मला माहितीये.

वर्कशीटवाल्या सामानातलं एक मात्र जसंच्या तसं चाललं, बुजगावणं. शब्द फोडून दाखवला, स्केअर म्हणजे घाबरव, क्रो म्हणजे कावळा. तर एक मुलगा विचारात पडला आणि म्हणाला टीचर, पण आत्ताच तर पितृपक्षात कावळ्याला बोलवत होते ना. मला उत्तर सुचलं नाही. मग आम्ही दोन वाक्यं केली, इन सप्टेंबर वी कॉल द क्रो, इन द फार्म वी स्केअर द क्रो, आणि ती सगळ्यांना इतकी आवडली की दिवाळीपर्यंत उगाचच म्हणत होते. खारसुद्धा चालली कारण खारी आमच्या कंपाउंडमध्ये डझनभर आहेत, पण तिच्या हातातलं ओकचं फळ काढून टाकलं. ॲकॉर्न हा शब्द सात वर्षांच्या नाशिककर मुलाला आत्ता कशाला हवा? ज्याला पुढे गोष्टीच्या पुस्तकात भेटेल तो तेव्हा शिकेल.

माझं वाक्य कसं पडलं

आता पानांकडे येते. सुगी झाल्यावर मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं की बघा, पानं गळतात ती तिकडे, लंडनला वगैरे, आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये पानं गळत नाहीत. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली, इन लंडन लीव्हज फॉल इन ऑक्टोबर, इन नाशिक लीव्हज डू नॉट फॉल इन ऑक्टोबर. मनात वाटलं, मखमलाबादकरचा न्याय झाला एकदाचा.

पुढच्या तासाला फॉल-पिकोवाली मुलगी मुठीत काहीतरी घेऊन आली. मूठ उघडली तर बदामाचं पान. आपला रस्त्याकडेचा देशी बदाम, त्याचं हे एवढं मोठं पान, अर्धं गडद लाल, शिरांच्या बाजूने अजून हिरवं, देठाजवळ पिवळं, मधे एक किड्याने खाल्लेलं भोक. शाळेच्या गेटजवळ पडलं होतं म्हणे. "टीचर, पडतात की." मी म्हटलं बाळा एखादं पडतं. तर म्हणाली, पण तुम्ही लिहिलंय डू नॉट फॉल.

हा एक वार. दुसरा मखमलाबादकरकडून, तो तर इतका वेळ गप्पच होता.

"टीचर, आमच्या बागेत आत्ता सगळीच गळालीत. पप्पांनी पानगळ केली."

पानगळ केली. पानगळ झाली नाही, केली. ज्यांना बागेचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडे द्राक्षाची वर्षात दोनदा छाटणी असते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, जिच्यानंतर घड येतात. गोडी छाटणीच्या आधी वेलीवरची पानं उतरवावी लागतात म्हणजे काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटतात, त्यासाठी बरेच जण इथ्रेल नावाचं औषध फवारतात, काही हाताने काढतात. फवारलं की पानं पिवळी पडून गळून जातात आणि ऑक्टोबरच्या ऐन उन्हात अख्खी बाग नुसत्या काड्या घेऊन उभी राहते. नाशिक जिल्ह्यात राहून, रोज दिंडोरी रोडवरून जाऊन, मी फळ्यावर लिहिलं होतं की इन नाशिक लीव्हज डू नॉट फॉल इन ऑक्टोबर!

फवारणीची पानं क्लासमध्ये आणायची नाहीत, हात लावायचा नाही हे मात्र लगेच सांगितलं, त्याऐवजी त्याच्या मम्मीकडून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ मागवला. वहिनींनी चाळीस सेकंदांचा पाठवला, मागे सासरे कुणाला तरी ओरडतायत आणि पुढे ओळीच ओळी उघड्या काड्यांच्या, खाली पिवळ्या पानांचा सडा. मुलं चिडीचूप. मग फळ्यावरचं वाक्य मी पुसलं नाही, त्यांनाच म्हटलं दुरुस्त करा. बरीच झटापट झाली, शेवटी मखमलाबादकरचं वाक्य आलं, मी फक्त मेक हा शब्द पुरवला:

"वी मेक द लीव्हज फॉल."

दुसरीतला मुलगा. हे वाक्य त्याच्या पुस्तकात अजून तीन-चार वर्षं येणार नाही. आणि त्यामुळेच त्याच्या शेजारच्याला फरक कळला, द लीफ फॉल्स म्हणजे ते आपलं आपण पडतं, वी मेक इट फॉल म्हणजे आपण पाडतो. मराठीत गळणं आणि गाळणं, पडणं आणि पाडणं, हा फरक त्यांच्या जिभेवर आहेच, मी फक्त इंग्लिश शब्द शेजारी ठेवला.

एकाची आत्या मेलबर्नला असते, तिने फोनवर सांगितलं की आमच्याकडे तर आत्ता स्प्रिंग आहे, ऑटम मार्चमध्ये. म्हणजे 'तिकडे' हा शब्दही बाद. तिकडे म्हणजे कुठे ते गावाच्या नावासकट सांगायचं, असा नियम केला.

पान लाल का होतं

हे शिकवायचं नव्हतं खरं तर, इंग्लिशचा क्लास आहे, विज्ञानाचा नाही. पण बदामाचं पान बघितल्यावर विचारणारच. मी सांगितलं ते असं, पानात हिरवा रंग असतो आणि त्याच्याखाली पिवळा आधीपासूनच असतो, फक्त हिरव्यामुळे दिसत नाही. थंड देशात दिवस लहान व्हायला लागले की झाड हिरवा रंग बनवणं थांबवतं, आहे तो मोडून आतलं कामाचं परत घेतं, मग खालचा पिवळा दिसतो, जसं भिंतीचा वरचा रंग उडाला की जुना दिसतो. लाल मात्र बऱ्याच झाडांत नव्याने तयार होतो. आणि देठाच्या बुडाशी एक पडदा धरतो, पाणी बंद, वारा आला की पान सुटतं.

पिवळा खरंच असतो का हे दाखवायला पालकाची पानं सर्जिकल स्पिरिटमध्ये ठेचली, स्पिरिटला हात फक्त माझा, आणि त्यात कॉफीच्या फिल्टरची पट्टी उभी केली. अर्ध्या तासाने पट्टीवर हिरवा पट्टा आणि त्याच्यावर अगदी फिकट पिवळी रेघ. फिकट म्हणजे इतकी की तिघांना दिसलीच नाही. पण ज्यांना दिसली त्यांनी यलो इज हायडिंग असं सांगितलं. हायडिंग त्यांना लपाछपीमुळे येत होतं.

लंडनला सगळ्यात मोठा दिवस आणि सगळ्यात छोटा दिवस यात साडेआठ तासांहून जास्त फरक पडतो, आपल्याकडे नाशकात जेमतेम अडीच तासांचा. तिकडच्या झाडाला दिवस आखडल्याचा आणि गारठ्याचा इशारा मिळतो, आपल्याकडच्या पानझडी झाडांचा हिशोब बराचसा पाण्याचा, पाऊस जाऊन महिने झाले, जमीन सुकली, की पानं टाकून पाणी वाचवायचं. हे मुलांना नाही सांगितलं, एका पप्पांनी विचारलं म्हणून त्यांना सांगितलं.

परीक्षेचं काय

नोव्हेंबरात एका मम्मीचा फोन आला. मॅडम, तुम्ही शिकवता ते छानच आहे, पण पेपरमध्ये प्रश्न येतो की पानं कुठल्या सीझनमध्ये गळतात, आणि हा घरी म्हणतो कुठल्या गावातली ते विचारलंच नाही. म्हटलं ताई, त्याचा मुद्दा बरोबर आहे पण मार्क तिथे नाहीयेत. मुलांना स्पष्ट सांगितलं, पेपरमध्ये आलं तर ऑटम लिहून मोकळं व्हायचं. प्रश्न पुस्तकाचा, उत्तर पुस्तकाचं. काही जणांना हे दुटप्पी वाटेल. मला नाही वाटत, कोण विचारतंय ते बघून उत्तर द्यायचं हेही भाषेतच येतं, आणि सात वर्षांचं पोर आजीशी वेगळं नि मित्राशी वेगळं बोलतंच की.

एका मुलाला तरी त्याच्या शाळेत अर्धा मार्क गेला, त्याने फॉल लिहिलं म्हणून. पुस्तकात ऑटम आहे, एवढंच कारण. मी भांडायला गेले नाही. त्याच्या मम्मीला सांगितलं की दोन्ही बरोबर आहेत आणि अर्ध्या मार्काचं मनाला लावून घेऊ नका.

फेब्रुवारी

भिंतीवर आम्ही एक तक्ता लावला होता, उभे बारा महिने, आडवी झाडांची नावं, बदाम, पिंपळ, कडुनिंब, काटेसावर, आंबा, द्राक्ष. पान पडताना दिसलं की त्या खान्यात तारीख आणि एक इंग्लिश वाक्य. डिसेंबरपर्यंत तक्ता जवळजवळ कोरा, मला वाटलं विसरणार आता. जानेवारीच्या मध्यानंतर खाने भरायला लागले आणि फेब्रुवारीत तर पोरं क्लासला येण्याआधी झाडाखालून फेरी मारून यायची.

एका रविवारी सकाळी त्यांना चामर लेणीच्या पायथ्याकडे चालवत नेलं, तीन मम्मी सोबत. सात वाजताची थंडी, सगळ्यांच्या अंगात स्वेटर, दोघांच्या कानाला मफलर. वाटेत वाळलेल्या पानांचा थर होता, त्यावरून पहिला पाय पडला आणि तो आवाज आला. क्रंच! सप्टेंबरमध्ये मी याच शब्दासाठी वर्तमानपत्र चुरगाळून दाखवलं होतं, कुणाला काही पोचलं नव्हतं. आता अकरा जण अर्धा तास नुसते पाय आपटत होते. पुढे एक काटेसावर होती, अंगावर पान नाही आणि लाल फुलं उमललेली. नो लीव्हज, ओन्ली फ्लॉवर्स, हे वाक्य कुणी पहिलं म्हटलं यावरून भांडण.

आणि तिथे उभं असताना माझ्या लक्षात आलं ते असं. स्वेटर घातलेली मुलं, गळ्यात मफलर, पायाशी गळलेली पानं. हे तेच चित्र होतं, सप्टेंबरातल्या वर्कशीटचं. चित्र चुकीचं नव्हतंच, मी ते चार-पाच महिने आधी वाटलं होतं.

सोमवारी तेच वर्कशीट परत काढलं, वरची ओळ झाकून, आणि म्हटलं काल जे बघितलं तसं रंगवा. लाल एकाच मुलीचं, तेही एकच पान, बदामाचं. बाकी सगळे तपकिरी आणि मळकट पिवळ्यावर. केशरी कुणीच घेतला नाही. वर मोकळ्या जागेत ज्याने त्याने आपलं वाक्य लिहिलं, सात-आठ जणांनी महिना आणि गाव दोन्ही बरोबर घालून पूर्ण वाक्य लिहिलं, दोघांनी नुसतं फेब्रुवारी फॉल लिहिलं, एकाने काहीच लिहिलं नाही पण भोपळ्याला डोळे काढले. मखमलाबादकरने पानं तपकिरी केली. मी त्याचं जुनं वर्कशीट फायलीतून काढलं, 'कलर प्रॉपर्ली' त्याच्यासमोर खोडलं आणि खाली सॉरी लिहून सही केली. त्याने बघितलं, काही बोलला नाही, कागद घडी करून दप्तरात टाकला.

पुढच्या वर्षी क्रम असा ठेवणारे: ऑक्टोबरात सुगी आणि बुजगावणं, द्राक्षाची पानगळ व्हिडिओवर, लंडन फक्त दोन वाक्यांपुरतं, आणि क्रंच, बेअर, ब्राऊन, ड्राय हे सगळे शब्द फेब्रुवारीसाठी राखून. अडचण एकच, नवीन मुलं जूनमध्ये येतात आणि काही दिवाळीनंतर सोडतात, त्यांना अर्धाच ऑटम मिळणार.

तक्ता अजून भिंतीवर आहे. मार्चअखेर क्लास सुटीसाठी बंद करताना मी तो काढायला गेले तर मखमलाबादकरने थांबवलं. "टीचर, एप्रिल राहिलाय." खरड छाटणी. मग त्याने स्वतःच पेन घेऊन एप्रिलच्या खान्यात, द्राक्षासमोर, आधीच लिहून ठेवलं, ग्रेप, अगेन.